अर्जदार मयत

मी वारलो त्या रविवारी मला नुसती सर्दी झाली होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण नंतर आमच्या टोटनहॅममध्ये पुष्कळ लोकांनी पुष्कळ कारणं सांगितली. कुणी म्हणालं हृदय, कुणी म्हणालं साखर, आणि चर्चच्या गायनमंडळातल्या एका बाईंनी तर बायकोच्या जाचावर बोट ठेवलं. प्रत्यक्षात माझं नाक गळत होतं आणि अराबानं, म्हणजे माझ्या बायकोनं, मला आल्याचा काढा पाजून झोपवलं होतं. त्यामुळे त्या दिवशी आम्ही दोघंही चर्चला गेलो नाही, आणि माझ्या निधनाची बातमी आम्हाला सगळ्यांच्या शेवटी कळली.

पण सुरुवात पैशांपासून करायला हवी. ब्रिटिश व्हायला किती खर्च येतो, असं आता मला कुणी विचारलं तर मी त्याला आधी बसायला सांगतो.

मी एबो क्वान्साह, वय बावन्न, मूळ गाव घानातलं सॉल्टपॉन्ड. एकवीस वर्षं लंडनात आहे. दवाखान्यांच्या चादरी धुणाऱ्या कारखान्यात मी तिसऱ्या इस्त्रीयंत्राचा प्रमुख आहे. त्या यंत्रावर माणूस एकच असतो, पण म्हणून प्रमुखपण कमी होत नाही. माझ्याकडे इथे कायमचं राहायचा परवाना आहे. त्यात मेख एवढीच की सलग दोन वर्षं देशाबाहेर राहिलो तर तो परवाना जातो. आणि मला तर बाहेरच राहायचं होतं. आई चौऱ्याऐंशी वर्षांची, एका डोळ्यानं दिसत नाही, दुसऱ्यानं हवं तेवढंच दिसतं. तिच्याजवळ जाऊन तीन वर्षं, चार वर्षं, तिला लागतील तितकी वर्षं राहावं, आणि मग परत यावं, एवढंच माझ्या मनात होतं. त्यासाठी लाल पासपोर्ट हवा होता. आता तो निळा झालाय, पण आमच्यात अजून लालच म्हणतात.

पहिल्यांदा पैसे जमवले तेव्हा नागरिकत्वाच्या अर्जाचं शुल्क नऊशे पौंडांच्या आसपास होतं. ज्या दिवशी शेवटचे वीस पौंड डब्यात टाकले, त्या दिवशी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी सॉल्टपॉन्डहून फोन आला. थोरली मावशी गेली. आमच्यात कार्य म्हणजे काय हे ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. विमानाचं तिकीट, काळंतांबडं कापड, मंडप, बाजा, आलेल्या शंभर-दोनशे माणसांचं जेवण. डबा रिकामा झाला. दोन वर्षांनी पुन्हा जमवले, तोवर शुल्क बाराशेच्या वर गेलं होतं. बँकेत जाऊन शेवटची रक्कम भरली, दाराबाहेर आलो आणि खिशात फोन वाजला. मावसभाऊ क्वेसी गेला. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. तिसऱ्यांदा शुल्क तेराशे तीस. त्या वेळी मी मुद्दाम तेराशे पंचवीसवर थांबलो आणि म्हटलं, बघू या. दोन महिने काही झालं नाही. मग अराबानं मला न सांगता पाच पौंड भरले, आणि धाकटा मामा गेला.

मी अंधश्रद्ध नाही. मी तीन वर्षं चर्चच्या हिशेबतपासणी समितीवर होतो. पण चौथ्यांदा जमवायला लागलो तेव्हा हे सॉल्टपॉन्डमध्ये सगळ्यांना ठाऊक झालं होतं. एरवी जे नातेवाईक मला फक्त पैसे मागायला फोन करायचे, ते आता किती जमले ते विचारायला करू लागले.

"एबोदादा, किती झाले?" मावसबहीण एफुआनं विचारलं.

"अकराशे."

"आणि लागणार किती?"

"सोळाशे तीस."

"मग असं कर, ऑगस्टपर्यंत जरा हात आखडता घे. पोरीचं लग्न आहे. लग्न होऊन गेलं की मग काय ते कर."

थोरला मामा शहाऐंशी वर्षांचा. आमच्यात मामाचा मान बापापेक्षा मोठा, त्यामुळे त्याचं मला मुकाट्यानं ऐकावं लागतं. त्यानं स्वतः फोन केला, जे त्यानं उभ्या आयुष्यात केलं नव्हतं. म्हणाला, "तू आहेस तसा बरा आहेस. त्या लोकांना काय सोनं लागलंय? आणि हे बघ, मी काही घाबरून सांगत नाहीये." त्यानंतर तो दर गुरुवारी घाबरून सांगत नव्हता.

आईनं मात्र कधी रक्कम विचारली नाही. दर रविवारी मी फोन करायचो, ती पहिलं वाक्य तेच बोलायची, "जेवलास का?" मी जेवलो म्हणायचो. ती विचारायची काय जेवलास. मी केंकी म्हणायचो. ती म्हणायची, "गोठवलेलं असणार." मक्याचं आंबवलेलं पीठ केळीच्या पानात उकडून गरम गरम खायचं सोडून बर्फातलं पुडकं वितळवून खाणारा माणूस तिच्या लेखी अर्धा उपाशीच होता.

दरम्यान इथले किरकोळ खर्च चालूच होते. मी शाळेत पहिलीपासून इंग्रजीत शिकलो, इंग्रजीत मार खाल्ला, तरी मला इंग्रजी येतं हे सिद्ध करायला दीडशे पौंड लागले. मग या देशातल्या जीवनाची परीक्षा. एकवीस वर्षं इथलं जीवन जगलेल्या माणसाला मेलेल्या राजांच्या बायका विचारतात. तेही पास झालो. मग दोन ओळखीची माणसं हवीत, जी आपल्याबद्दल चांगलं सांगतील. एक प्रतिष्ठित व्यवसायातलं, आणि एक ब्रिटिश पासपोर्ट असलेलं. प्रतिष्ठित म्हणून आमच्या चर्चचे एल्डर अंकोमासाहेब लगेच तयार झाले. ते औषधविक्रेते आहेत, आणि सत्य बोलण्याबद्दल त्यांचा इतका लौकिक आहे की त्यांच्याशी कुणी फारसं बोलत नाही. दुसऱ्या म्हणून मी शेजारच्या प्लकरोजबाईंना विचारलं. एकोणऐंशी वर्षांच्या, एकट्या राहतात. चौदा वर्षं आमच्यात एक पातळ भिंत आहे.

"मी ब्रिटिश आहेच की," त्या म्हणाल्या.

"पासपोर्टचा नंबर द्यावा लागतो, बाई."

"पासपोर्ट कशाला काढू मी? मला कुठं जायचंय?"

थोडक्यात, मी ब्रिटिश व्हायच्या आधी मला माझ्या खर्चानं प्लकरोजबाईंना ब्रिटिश करावं लागलं. नव्वदेक पौंड गेले. पासपोर्ट आला तेव्हा त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, आतल्या फोटोकडे बघून "अगदी प्रेत दिसतेय" म्हणाल्या आणि खिडकीतल्या कुंडीखाली ठेवून दिला.

त्यानंतर राहिला तो देशाबाहेरच्या दिवसांचा तक्ता. गेल्या पाच वर्षांत कधी गेलात, कधी आलात, कशासाठी. मी तारखा कुठं लिहून ठेवल्या होत्या? पण आमच्यात प्रत्येक कार्यात पाहुण्यांना आठवण म्हणून काहीतरी देतात, त्यावर गेलेल्या माणसाचा चेहरा आणि तारीख छापलेली असते. अराबानं कपाट उपसलं आणि सगळी मंडळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडली. टॉवेलवर एक चुलती, कपावर शाळेतले गुरुजी, रुमालांवर एक जोडपं, आणि भिंतीवरचं घड्याळ म्हणजे धाकटा मामा. त्याच्या नाकातून दोन काटे निघायचे. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्या तारखा उतरवून घेत होतो. कारणाच्या रकान्यात सगळीकडे एकच शब्द आला. "तू सुट्टीवर म्हणून कधी गेलाच नाहीस रे," अराबा म्हणाली, आणि तिनं कप उचलून फडताळात उलटा ठेवला.

सोळाशे तीस पौंड जमले तो गुरुवार होता. शुक्रवारी मी संगणकासमोर बसलो. सगळा अर्ज भरून झाला होता, फक्त पैसे भरायचं बटण दाबायचं होतं. बोट काही पुढे जाईना. घरात आता आईपेक्षा वडीलधारं एकच होतं, थोरला मामा. दोघांपैकी कोण, असा विचार मनात आला आणि मला माझीच लाज वाटली. मी आईला फोन लावला. रविवार नसल्यामुळे तिला कळलंच.

"भीती वाटते?" ती म्हणाली.

"वाटते," मी म्हणालो. "मला तुझ्याजवळ येऊन राहायचंय म्हणून हे सगळं. तूच नसशील तर त्या पासपोर्टाचं मी काय करू?"

ती म्हणाली, "अर्जासाठी फोटो काढला असशील ना? तो एफुआच्या फोनवर पाठव. आणि बटण दाब. बाकीचं मी बघते."

मी फोटो पाठवला, बटण दाबलं. मामाच्या नाकात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. फोन वाजला नाही. पंधरा मिनिटं मी तसाच बसून होतो, तरी वाजला नाही, आणि खरं सांगतो, न वाजण्यानं माझी जास्त पाचावर धारण बसली.

पुढच्या आठवड्यात बोटांचे ठसे द्यायला बोलावलं. यंत्राच्या काचेवर मी बोटं ठेवली. यंत्रावरच्या मुलीनं पडद्याकडे बघितलं, काच पुसली, पुन्हा ठेवायला सांगितली. चार वेळा झालं. शेवटी ती हलक्या आवाजात म्हणाली, "इथं कुणीच येत नाहीये." बावीस अंश तापमानाच्या त्या खोलीत माझ्या अंगावर काटा आला. वीस वर्षं गरम चादरी हाताळून माझ्या बोटांच्या रेषा गेल्यात, हे मला मागाहून सुचलं. तिनं "ठसे उपलब्ध नाहीत" असं लिहून घेतलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

आणि मग तो सर्दीचा रविवार. सोमवारी सकाळी अकरा वाजता दारावर टकटक झाली. अराबा दुकानात गेली होती. मी रुमाल नाकाला लावून दार उघडलं. बाहेर चर्चची सहा माणसं उभी होती, सगळी काळ्यातांबड्या कपड्यांत, पुढे अंकोमासाहेब, हातात जाड पाकीट. त्यांनी मला पाहिलं. मागच्या दोन बायका जिन्याच्या तीन पायऱ्या एकदम उतरल्या. अंकोमासाहेब मात्र जागचे हलले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, भीतीही नव्हती, होती ती चीड.

"एबो," ते म्हणाले, "हे तुला शोभत नाही."

"काय झालं, साहेब?"

त्यांनी फोन काढून माझ्यापुढे धरला. आमच्याकडे लावतात तसं मोठं पोस्टर. मधोमध मी. अर्जासाठी काढलेला तोच फोटो, हसायचं नाही, चष्मा नाही, तोंड बंद. असा चेहरा दुसऱ्या कशासाठी उपयोगी पडेल असं मला काढतानाही वाटलं नव्हतं. खाली शोकाकुल म्हणून आई, मामा, एफुआ आणि "पत्नी अराबा (लंडन)". आणि वर मथळा, "कृतार्थ जीवनाची सांगता". हे मला लागलं. आमच्यात तरुण माणूस गेला तर "काय हा धक्का" असं छापतात. बावन्न वर्षं म्हणजे काही अगदी म्हातारपण नव्हे. सख्ख्या आईनं धक्का बसला असं लिहायला काय हरकत होती?

"पण मी जिवंत आहे," मी म्हणालो.

"ते दिसतंय," अंकोमासाहेब म्हणाले. "पण काल चर्चमध्ये तुझ्यासाठी प्रार्थना झाली. वर्गणी झाली. आणि त्या नागरिकत्वाच्या कचेरीतून तुझ्याबद्दल विचारणा आली होती, तिला मी काल संध्याकाळीच उत्तर दिलं. अर्जदार सज्जन होता, आणि मयत आहे."

"मग आज लिहा की नाहीये म्हणून."

"म्हणजे काल मी खोटं बोललो असं लिहू?" त्यांनी पाकीट कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. "तीस वर्षांत मी एकही उत्तर बदललेलं नाही. तू आधी सांगायला हवं होतंस."

ते गेल्यावर मी सॉल्टपॉन्डला फोन लावला. एफुआनं उचलला. मी म्हटलं, "एफुआ, मी एबो." पलीकडे फोन जमिनीवर पडल्याचा आवाज झाला आणि चपला पळत गेल्या. पुष्कळ वेळानं मामाचा आवाज आला, अगदी दबका.

"कशाला फोन केलास? फक्त मला आणि तुझ्या आईलाच ठाऊक आहे. बाकी सगळं गाव रडलंय."

"मामा, हे केलंत काय तुम्ही?"

"मी नाही, तिनं. म्हणाली, दर वेळी घरातलं एक जातं ना, मग या वेळी आपणच काढून देऊ, नाव आणि फोटोसकट. परदेशात गेलेल्याचं प्रेत कुठं येतं? फोटोवरच कार्य करतात. कुणी काही विचारलं नाही. चांगलं झालं कार्य, दोन बाजे होते."

"आता लोकांना सांगून टाका, की चूक झाली."

मामा म्हणाला, "जमिनीवर मद्य ओतून पितरांपुढे नाव घेतलंय, एबो. ओतलेलं परत बाटलीत भरता येत नाही. तू जिवंत आहेस असं म्हटलं, तर ते दुसरं कुणी मागणार. मला सांग, कुणाला देऊ?"

मी म्हटलं आईला द्या फोन. तो म्हणाला, ती येत नाही.

पुढचे दिवस फार चमत्कारिक गेले. कचेरीचं पत्र आलं ते अराबाच्या नावानं. तुमच्या पतीच्या निधनाबद्दल वाईट वाटलं, अर्ज बंद करत आहोत, मृत्यूचा दाखला पाठवावा, शुल्क परत मिळत नाही. अराबानं ते मला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि वाचता वाचता खरोखर रडायला लागली. मी समोर बसून सूप पीत होतो. मी कचेरीला फोन केला.

"अर्जदाराशी आपलं नातं काय?" तिथल्या बाईंनी विचारलं.

"मीच अर्जदार."

"अर्जदार मयत आहेत असं दिसतंय."

"पण मी बोलतोय ना तुमच्याशी."

"कोण बोलतंय ते सिद्ध व्हायला हवं. आपले बोटांचे ठसे जुळवून पाहता येतील." मग कळफलकाचा आवाज आला. "ठसे उपलब्ध नाहीत, असं आहे इथे."

चर्चमध्ये बायका माझ्याशी बोलायच्या, पण शेजारी बसायच्या नाहीत. कारखान्यातल्या घानाच्या दोघांनी आपली पाळी बदलून घेतली. एकदा बाजारात गेलो तर दुकानाचं काचेचं दार माझ्यासाठी उघडेना. मी पुढे झालो, मागे आलो, हात हलवले. दार बिघडलेलं होतं, कुणासाठीच उघडत नव्हतं, हे नंतर कळलं. पण मधली पाच मिनिटं कशी गेली ते माझं मला माहीत.

शेवटी मला जिवंत केलं ते प्लकरोजबाईंनी. मी त्यांना सगळी हकीकत सांगितली. त्यांनी पोस्टर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, उठून माझ्या दंडाला सणसणीत चिमटा काढला. मी ओरडलो. त्या समाधानानं खाली बसल्या, कुंडीखालचा पासपोर्ट काढला आणि स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं, की हा माणूस चौदा वर्षं माझ्या भिंतीपलीकडे घोरतो, ज्या रविवारी तो मेला म्हणता त्या रविवारीही दुपारी दोन ते चार घोरत होता, माझी झोपमोड झाली, आणि मेलेली माणसं घोरत नाहीत हे मी दोन नवरे पुरून सांगते आहे.

असल्या पत्रापुढे कोण काय बोलणार? सात महिन्यांनी मंजुरी आली. नगरभवनात शपथ झाली, राजाच्या फोटोखाली उभं राहून मीही हात वर केला. प्लकरोजबाई टोपी घालून आल्या होत्या. मधल्या त्या सात महिन्यांत सॉल्टपॉन्डला कुणी साधं पडसंही काढलं नाही. थोरला मामा तर म्हणे पुन्हा बागेत काम करायला लागला.

पासपोर्ट आला तो रविवार नव्हता, पण मी रविवारपर्यंत थांबलो. तोवर आईनं माझा एकही फोन घेतला नव्हता. त्या दिवशी तिनं उचलला.

"कोण?"

"मी एबो, आई. मिळाला पासपोर्ट. तिकीट काढतो. आता कितीही दिवस राहता येईल मला."

"माझा एबो गेला," ती खणखणीत आवाजात म्हणाली. दारात बसलेल्यांना, रस्त्यावरून जाणाऱ्यांना आणि आणखी जो कोणी ऐकत असेल त्याला ऐकू जावं इतक्या मोठ्यानं. "गेल्या वर्षीच गेला. पोस्टर आहे भिंतीवर."

फोन तिच्या हातातच होता. काठीचा आवाज आला, मग दार लोटल्याचा. मग तिचा आवाज अगदी खाली आला, पण ती फोनमध्ये बोलत नव्हती, थोडं लांब, भिंतीकडे तोंड करून बोलत होती.

"एबो, बाळा, तू तिकडेच राहा. तुला रस्त्यात कुणी पाहिलं तर सगळं फुकट जाईल. मी आहे तोवर येऊ नकोस." मग जरा थांबून, "जेवलास का?"

"जेवलो," मी म्हणालो.

"गोठवलेलं असणार," ती भिंतीला म्हणाली, आणि फोन ठेवला.

पासपोर्ट आता मीही कुंडीखाली ठेवतो. दर रविवारी, अजूनही, मी फोन करतो.